परदेशी मास्तर कोरियाची शाळा बघायला जातात, तेव्हा काय बघतात?

शाळेच्या दारात चपला काढून आत जायचं, हे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सांगावं लागत नाही. अमेरिकेतून, युरोपातून दक्षिण कोरियात शाळा बघायला आलेल्या शिक्षकांना मात्र ते पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. दाराशी खणाखणांचं कपाट असतं. बाहेरचे बूट तिथं ठेवायचे, आतले स्लीपर पायात घालायचे आणि मग वर्गाकडं निघायचं. पाहुण्यांसाठीही स्लीपरचे जोड मांडून ठेवलेले असतात. समोरून येणारी मुलं कमरेत वाकून नमस्कार करतात. शाळा सुटायच्या सुमारास त्याच मुलांच्या हातात झाडू आणि फडकं दिसतं, कारण आपला वर्ग आपण झाडायचा, त्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. पाश्चात्त्य पाहुणे याचे फोटो काढतात. सातारा-सांगलीकडचा शिक्षक तिथं गेला तर बहुधा म्हणेल, ‘यात काय नवीन?’

नवीन आहे ते पुढं आहे. त्यासाठीच जगभरातून शिक्षक, मुख्याध्यापक आणि पाठ्यपुस्तकं लिहिणारी मंडळी कोरियात जातात, नव्हे, बोलावली जातात.

बोलावणाऱ्या संस्थाही ठरलेल्या आहेत. सोलच्या दक्षिणेला सॉंगनाम इथं 1978 साली सुरू झालेली ॲकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज ही सरकारी संस्था इतर देशांतल्या पाठ्यपुस्तक तज्ज्ञांना बोलावते. इतर देशांच्या इतिहास-भूगोलाच्या पुस्तकात कोरियाबद्दल चार ओळी असतात आणि त्यातल्या दोन जुन्या किंवा चुकीच्या असतात, ही त्यांची तक्रार. मग लिहिणाऱ्यालाच घरी बोलावून दाखवा, असा सरळ हिशेब. 1991 साली स्थापन झालेल्या कोरिया फाउंडेशननंही परदेशी शिक्षकांसाठी अशा कार्यशाळा भरवल्या. तिसरी संस्था सोलमध्येच आहे. युनेस्को आणि कोरिया सरकारच्या करारातून 2000 साली निघालेलं हे आशिया-पॅसिफिक केंद्र शिक्षकांची देवाणघेवाण करतं. 2012 मध्ये मंगोलिया आणि फिलिपिन्सपासून सुरुवात झाली. यात आलेला शिक्षक नुसता पाहुणा राहत नाही. काही महिने तिथल्या शाळेत प्रत्यक्ष शिकवतो.

कोरियाचं कौतुक जगात झालं त्याला एक मोठं कारण बराक ओबामा. 2009 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाल्या झाल्या त्यांनी भाषणात सांगितलं, की कोरियातली मुलं अमेरिकेतल्या मुलांपेक्षा वर्षाला महिनाभर जास्त शाळेत असतात. त्यानंतर पाहुण्यांची नजरच बदलली. गंमत अशी, की ज्या पद्धतीला तिथले आईबाप वैतागलेले, तिचंच बाहेर गुणगान सुरू झालं. आणि आजचा हिशेब वेगळाच आहे. 2012 पासून तिथं शनिवारची शाळा बंद झाली. आता वर्षाला किमान 190 दिवस शाळा भरावी, असा नियम आहे. आपल्याकडं शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस सांगितलेत. म्हणजे दिवस त्यांचे कमीच. मग पोरं एवढा अभ्यास करतात कुठं? ते पुढं येईलच.

आधी अक्षरं, मग इतिहास

पाहुण्यांचा पहिला तास बहुतेक वेळा हंगुल लिपीचा असतो, आणि ते बरोबरच आहे. पंधराव्या शतकापर्यंत कोरियात लिहायचं म्हणजे चिनी अक्षरं घोकायची. हजारो अक्षरं. नांगर धरणाऱ्याला ते जमणार कसं? राजा सेजोंगनं 1443 मध्ये नवी लिपी तयार केली आणि 1446 मध्ये ती लोकांपुढं आणली. दरबारातल्या विद्वानांनी 1444 मध्येच राजाला लेखी विरोध कळवला होता. चिनी अक्षरं सोडून आपलीच काही तरी काढणं हे रानटीपणाचं लक्षण, असं त्यांचं म्हणणं. राजा हटला नाही.

लिपी कशी केली, हे मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल. आपण शाळेत क-ख-ग कंठ्य, त-थ-द दंत्य, प-फ-ब ओष्ठ्य असं शिकतो. म्हणजे आवाज तोंडात कुठून निघतो त्याप्रमाणं अक्षरांची रांग लावलेली. सेजोंगनं त्याच जागांचं चित्र काढलं. ‘क’ किंवा ‘ग’चं अक्षर म्हणजे घशाकडं उचललेली जीभ. ‘न’ म्हणजे वर टेकलेलं जिभेचं टोक. ‘म’ म्हणजे चौकोनी तोंड, ‘स’ म्हणजे दात. ‘क’ला एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. स्वरांसाठी तीन खुणा: आकाशाचा ठिपका, जमिनीची आडवी रेघ, उभ्या माणसाची उभी रेघ. मूळची अक्षरं 28, आज वापरात 24. परदेशी शिक्षक दुपारपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात, अर्थ कळला नाही तरी.

सोपी लिपी मिळाली म्हणून लगेच सगळे शिकले असं मात्र झालं नाही. वरच्या वर्गानं चिनी अक्षरं सोडली नाहीत. पुढं 1910 ते 1945 जपानचं राज्य आलं, त्यात शेवटच्या काही वर्षांत तर शाळेतून कोरियन भाषाच हद्दपार झाली. 1945 मध्ये जपानी गेले तेव्हा शंभरातली 78 मोठी माणसं निरक्षर होती, असं तिथं सांगितलं जातं. आज युनेस्को साक्षरतेसाठी देतं तो एक पुरस्कार याच राजा सेजोंगच्या नावानं आहे, 1989 पासून.

पाहुण्यांना अजून एक खेळ दाखवतात. खिशातल्या नोटा काढायला लावतात. हजार वॉनच्या नोटेवर यी ह्वांग हा पंडित, पाच हजारांच्या नोटेवर यी ई हाही पंडितच. दहा हजारांवर राजा सेजोंग, लिपीवाला. पन्नास हजारांची नोट 2009 मध्ये आली, तिच्यावर शिन साइमदांग ही चित्रकार बाई. ती यी ईची आई. म्हणजे चार नोटा, त्यात दोन पंडित, एक लिपीकार राजा आणि एक मुलाला घडवणारी आई. सेनापती यी सुन-शिन आहे, पण शंभराच्या नाण्यावर.

या पंडितांच्या गुरुकुलांना सओवॉन म्हणतात. डोंगराच्या पायथ्याला, पाण्याजवळ, साध्या लाकडी इमारती. अशी नऊ सओवॉन 2019 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. आनदोंगजवळचं दोसान सओवॉन हे यी ह्वांगच्या नावानं उभारलेलं. इथं कन्फ्युशियसची शिकवण घोकून मुलं सरकारी परीक्षेला बसायची. ती परीक्षा 958 साली सुरू झाली आणि 1894 मध्ये बंद पडली. साडेनऊशे वर्षं एकच वाट: परीक्षा पास हो, अधिकारी हो, घराण्याचं नाव काढ. हे ध्यानात घेतलं की आजच्या कोरियन आईची घाई समजायला लागते.

गाईच्या हाडांचा मनोरा

दक्षिण कोरिया आकारानं महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. 1950 ते 53 च्या युद्धात तोही भाजून निघाला. तंबूत, उघड्यावर शाळा भरल्या. त्याच सुमारास जमीन सुधारणा झाल्या आणि कुळांच्या नावावर जमिनी आल्या. हातात थोडी जमीन आणि गोठ्यात एक गाय एवढंच ज्याचं भांडवल, त्यानं ती गाय पोराच्या कॉलेजच्या फीसाठी विकली. एकानं नाही, गावोगाव विकल्या. आपण विद्यापीठातल्या लोकांना हस्तिदंती मनोऱ्यात बसलेले म्हणतो. कोरियन लोकांनी विद्यापीठाला ‘गाईच्या हाडांचा मनोरा’ असं नाव ठेवलं. शेतकऱ्यांच्या गाईंवर उभा राहिलेला मनोरा म्हणून. भाषणातली कितीही आकडेवारी एकीकडं आणि हा एक शब्द एकीकडं.

त्यांच्याकडं म्हण आहे, की ओढ्यातूनही ड्रॅगन निघतो. गरीब घरातला पोरगा मोठा होतो, या अर्थानं. अलीकडं तिथले लोक म्हणतात, की आता ओढ्यातून ड्रॅगन निघत नाहीत.

याच युद्धाशी आपलाही संबंध आहे, आणि सीमेवरच्या पानमुनजोमकडं पाहुण्यांना नेतात तेव्हा भारतीय माणसानं तो आठवावा असा आहे. युद्ध थांबल्यावर ज्या कैद्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं त्यांचा ताबा भारतीय सैन्याकडं दिला गेला. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातले शंकरराव थोरात. दोन्ही बाजूंचा संशय अंगावर घेत महिनोनमहिने ते काम झालं. आपल्याकडच्या पुस्तकात यावर किती ओळी आहेत, हा वेगळा विषय.

दुपारचं ताट आणि महापौरांची खुर्ची

शाळेतला पाहुण्यांचा सगळ्यात आनंदाचा वेळ जेवणाचा. स्टीलचं खणांचं ताट, एका खणात भात, एकात सूप, एकात किमची, बाकीच्यात भाजी, मासा किंवा मांस. मुलं रांगेत येतात, वाढून घेतात, खरकटं ठरल्या जागी टाकतात. शाळेत आहाराची पदवी घेतलेला शिक्षक असतो आणि त्याला शिक्षकाचाच दर्जा असतो. महिन्याचा बेत घरी आधी कळवतात. कुठल्या पदार्थात शेंगदाणा, कुठल्यात अंडं, तेही लिहिलेलं असतं.

हे ताट फुकट असावं का, यावर सोलमध्ये एवढा वाद पेटला, की महापौरांना घरी जावं लागलं. आधी ग्योंगी प्रांतात सगळ्यांना मोफत जेवणाची घोषणा झाली. सोलचे महापौर ओ से-हून म्हणाले, गरिबांना द्या, श्रीमंताच्या पोराला कशाला? समोरचे म्हणाले, एका वर्गात दोन पंगती केल्या तर गरीब पोरगा कोण ते सगळ्यांना कळणार. ऑगस्ट 2011 मध्ये यावर जनमत घेतलं. निकाल धरायला 33.3 टक्के मतदान लागत होतं, झालं 25.7 टक्के. पेट्या उघडल्याच नाहीत. महापौरांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. दहा वर्षांनी, 2021 मध्ये, ते परत निवडून आले, पण मोफत जेवण काही कुणी बंद केलं नाही. आता देशभर जवळपास सगळीकडं तेच आहे.

शेतकऱ्याच्या नजरेनं यातली खरी गोष्ट स्वयंपाकघरात आहे. रासायनिक औषधं न मारता पिकवलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या मालाचं तिथलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शाळा. भाव आणि माल आधी ठरलेला. 2020 मध्ये करोनानं शाळा बंद झाल्या तेव्हा हा माल शेतातच पडून राहायची वेळ आली. मग अनेक प्रांतांनी जेवणाचे वाचलेले पैसे घेऊन त्याच मालाच्या पेट्या बांधल्या आणि विद्यार्थ्यांच्या घरी पोचवल्या. पोरांना भाजी मिळाली, शेतकऱ्याला पैसे. आपल्याकडं पोषण आहाराचा तांदूळ त्या दिवसांत घरी दिला गेला, पण भाजीवाल्या शेतकऱ्याशी त्याची गाठ नव्हती.

विमानं थांबतात तो दिवस

नोव्हेंबरात गेलेल्या पाहुण्यांना एक गुरुवार विसरता येत नाही. त्या दिवशी सुनुंग म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते. 1993 पासून ही पद्धत आहे. सुमारे पाच लाख मुलं एकाच दिवशी, सकाळी 8.40 पासून जवळपास दिवस मावळेपर्यंत बसतात. रस्त्यावर गर्दी नको म्हणून सरकारी कार्यालयं उशिरा उघडतात, शेअर बाजार तासभर उशिरा सुरू होतो. उशीर झालेल्या पोराला पोलीस मोटारसायकलवर बसवून केंद्रावर सोडतात. इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू असताना साधारण 35 मिनिटं देशात कुठलंही विमान उतरत नाही की उडत नाही. आधीच वर असलेली विमानं घिरट्या घालतात.

घरोघरी श्रद्धाही चालतात. परीक्षेआधी पोरांना चिकट मिठाई आणि चिकट तांदळाचे लाडूसारखे गोळे देतात, कारण ‘चिकटणं’ आणि ‘पास होणं’ याला त्यांच्या भाषेत एकच शब्द. शेवाळाचं सूप त्या दिवशी वर्ज्य. बुळबुळीत, पोरगं घसरेल! आया देवळात बसून प्रार्थना करतात, काही तर शंभर दिवस आधीपासून. आपल्याकडं दही-साखर देतो, ते त्यापुढं किरकोळच.

2017 मध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहांगला भूकंप झाला तर अख्ख्या देशाची परीक्षा आठवडाभर पुढं ढकलली. 2023 मध्ये सोलच्या एका केंद्रावर घंटा मिनिट-दीड मिनिट लवकर वाजली. चाळीसवर मुलं कोर्टात गेली आणि 2025 मध्ये कोर्टानं त्यांना 10 ते 30 लाख वॉनपर्यंत भरपाई द्यायला लावली. एका घंटेपायी.

परीक्षेच्या प्रश्नावरून भांडण्याची तर जुनी परंपरा आहे. डिसेंबर 1964 मध्ये सोलला मिडल स्कूलच्या, म्हणजे आपल्या सहावी-सातवीच्या वयाच्या पोरांच्या प्रवेश परीक्षेत प्रश्न आला: चिकट मिठाई करताना माल्टऐवजी काय घालता येईल? ठरलेलं उत्तर होतं डायस्टेज. पण पर्यायात मुळ्याचा रसही होता, आणि मुळ्याच्या रसात तोच घटक असतो. ज्यांची पोरं एका गुणानं हुकली त्या आयांनी घरी मुळ्याच्या रसातली मिठाई शिजवली, पातेली घेऊन शिक्षण कार्यालयात गेल्या आणि म्हणाल्या, ही घ्या, खाऊन बघा. कोर्टानं 1965 मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. चार वर्षांनी, 1969 पासून, सोलमध्ये मिडल स्कूलची प्रवेश परीक्षाच बंद झाली. 1974 मध्ये सोल आणि बुसानमधल्या हायस्कूलांची स्वतंत्र प्रवेश परीक्षाही गेली आणि शाळा चिठ्ठीनं मिळायला लागली.

परीक्षा खालून काढली तसा सगळा भार वरच्या एका परीक्षेवर येऊन बसला, हेही खरं.

रात्री दहाचा नियम

पाहुणे दिवसा शाळा बघतात. कोरियाचं शिक्षण बघायचं तर रात्री साडेनऊला सोलच्या देची-दोंग भागात उभं राहावं. एकावर एक मजले, प्रत्येक मजल्यावर क्लास. याला हगवॉन म्हणतात. दहा वाजले की पोरांचा लोंढा बाहेर येतो आणि रस्त्यावर गाड्या घेऊन थांबलेल्या आया. दहाच का? कारण सोलमध्ये दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे. ही बंदी योग्य, असं 2009 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं म्हटलं. त्याच वर्षी सरकारनं चोरून चालणारे क्लास कळवणाऱ्याला बक्षीस लावलं. लगेच कॅमेरे घेऊन फिरणारे ‘क्लासचे शिकारी’ तयार झाले, त्यावर त्यांनी पोटही भरलं.

त्याआधी याहून मोठी बंदी होऊन गेलीय. 1980 मध्ये लष्करी सत्तेनं खासगी शिकवण्या पार बंद केल्या. श्रीमंतांनी लपूनछपून चालवल्या, भाव वाढला. 2000 साली ती बंदी घटनाबाह्य ठरली. 2023 मध्ये अध्यक्ष यून सुक-यॉल यांनी परीक्षेतले पुस्तकाबाहेरचे अतिअवघड प्रश्न काढायला सांगितलं. तिथं त्यांना ‘किलर’ प्रश्न म्हणतात. क्लासला जाणारी पोरंच ते सोडवू शकतात म्हणून. परीक्षेला पाच महिने राहिले असताना हे झालं, तेव्हा पालकच उलटे घाबरले आणि क्लासकडं धावले.

निकाल? 2024 मध्ये पहिली ते बारावीच्या मुलांच्या शिकवण्यांवर कोरियन घरांनी 29.2 लाख कोटी वॉन खर्च केले. आपल्या पैशात पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या घरात. शंभरातली 80 मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जात होती. सरासरी एका मुलामागं महिन्याला 4 लाख 74 हजार वॉन, म्हणजे 29 हजार रुपयांच्या आसपास. 2022 च्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत कोरियाला गणितात 527 गुण होते आणि जगातल्या पहिल्या काही देशांत जागा होती. पाहुण्यांच्या फाइलीत हा 527 चा आकडा ठळक असतो. त्यातले किती गुण शाळेचे आणि किती क्लासचे, हे सांगणं अवघड. नातवंडांसाठी गाय विकलेल्या आजोबांना विचारलं तर ते कदाचित क्लासचे म्हणतील.

मास्तरांचा मान

कोरियन भाषेत शिक्षकाला ‘सॉनसेंगनिम’ म्हणतात. शब्दाचा अर्थ आधी जन्मलेले, म्हणून वडील. नाव घेऊन हाक मारायची नाही. बोलण्यात लहान-मोठ्याचा फरक क्रियापदातच येतो. आपल्या तू-तुम्ही-आपणची सवय असलेल्याला हे पटकन समजतं. इंग्रजी शिक्षकाला समजायला आठवडा लागतो. वस्तू देताना-घेताना दोन हात लावायचे. 15 मे हा राजा सेजोंगचा जन्मदिवस, तोच शिक्षकदिन.

पण त्या दिवशी शिक्षकाला काय देता येतं? काहीच नाही. 28 सप्टेंबर 2016 ला लाचविरोधी कायदा लागू झाला आणि त्यात शिक्षकही आले. आपल्या वर्गशिक्षकाला पोरानं कॉफीचा कप दिला तरी चालत नाही. फूल द्यायचं तर वर्गाच्या प्रतिनिधीनं सगळ्यांसमोर द्यायचं. सुरुवातीला लोक हसले. पण त्याआधी पाकिटं देण्याची जी रीत पडली होती ती आठवणाऱ्यांनी हुश्श केलं.

बदल्यांचं गणित आपल्या शिक्षकांना ओळखीचं वाटेल. सरकारी शाळेत साधारण चार-पाच वर्षांनी बदली ठरलेली. बेटावर किंवा दुर्गम भागात काम केलं तर बढतीसाठी जादा गुण. आपल्याकडचं ‘अवघड क्षेत्र’ म्हणा ना. फरक एवढाच, की तिथं तो गुण मिळवायला लोक स्वतःहून अर्ज करतात.

या मानाला 2023 मध्ये मोठा तडा गेला. जुलैत सोलच्या एका प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षिकेनं शाळेतच जीव दिला. पालकांच्या तक्रारींचा, फोनचा त्रास हा विषय मग देशभर उसळला. दर शनिवारी काळे कपडे घालून हजारो शिक्षक सोलच्या रस्त्यावर बसले. 4 सप्टेंबरला, ती गेल्याच्या 49 व्या दिवशी, शिक्षकांनी सामूहिक रजा काढल्या. बौद्ध रिवाजात हा दिवस महत्त्वाचा. त्याच महिन्यात संसदेनं चार कायदे बदलले. शिक्षकानं शिस्तीसाठी केलेलं योग्य मार्गदर्शन म्हणजे लगेच बालछळ नव्हे, असं त्यात आलं. मार देण्यावर बंदी आधीच, 2010-11 मध्ये आलेली आहे आणि ती तशीच आहे. पाहुण्यांना पहिल्या दिवशी वाकून केलेला नमस्कार दिसतो. हे दिसायला तिथल्या शिक्षकाबरोबर चहाला बसावं लागतं.

गावाकडं चला

अशा दौऱ्यांचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे ते बहुतेक सोलमध्येच फिरतात. राजवाडा, संग्रहालय, एक चांगली शाळा, एखादी कंपनी. रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई आल्यापासून पुणे जिल्ह्यात कोरियन माणूस नवखा राहिला नाही, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिकला शिकता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचं नावही आहे. तेव्हा पुढं आपल्याकडचे शिक्षकही तिकडं जातील. त्यांनी सोलमधून एसटीसारखी बस धरून खाली जोल्ला प्रांतात उतरावं.

तिथं शाळा आहेत, पोरं नाहीत. 2023 मध्ये कोरियात एका बाईमागं सरासरी 0.72 मूल होतं, जगात सगळ्यात कमीतलं. 2024 मध्ये 0.75 झालं तर त्याचीही बातमी झाली. 1980 च्या दशकापासून साडेतीन हजारांहून जास्त शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत मिळवल्या, त्यातल्या बहुतेक खेड्यातल्या. इमारती ओस पडल्या. काहींची संग्रहालयं, काहींची शिबिराची घरं केली, काहींत गवत वाढलं. आपल्याकडं 20 च्या आतल्या पटाच्या शाळांचं काय करायचं, समूहशाळा करायच्या का, यावर 2023 पासून वाद सुरू आहे. पानशेत आणि तोरणमाळची नावं त्यात पुढं केली गेली. कोरियानं ती वाट चाळीस वर्षांपूर्वी धरली. बसनं मुलं मोठ्या शाळेत नेली. शाळा गेलेल्या गावात नवं जोडपं राहायला येत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

आता उलटा प्रयत्न चाललाय. 2021 पासून सोलच्या शिक्षण विभागानं दक्षिण जोल्लाशी करार करून शहरातली पोरं सहा महिने-वर्षभर खेड्यातल्या शाळेत पाठवायला सुरुवात केली. आईवडील बरोबर गेले तर राहण्याच्या खर्चाला मदत. पोरं भातखाचरात उतरतात, चिखल लागतो, आणि शाळेचा पट चार-पाचनं वाढतो. कुठं कुठं त्या चार-पाचवरच शाळा टिकलीय.

आणि गांगजिनमध्ये 2019 साली पहिलीच्या वर्गाला पोरगंच मिळेना तेव्हा शाळेनं गावातल्या आज्यांना प्रवेश दिला. लहानपणी पोरगी म्हणून शाळेत न घातलेल्या बाया दप्तर घेऊन पहिलीत बसल्या, नातवंडांच्याच शाळेत. आपल्याला हे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंच्या शाळेमुळं नवीन वाटणार नाही. ती 2016 च्या महिलादिनी सुरू झाली. फरक असा, की फांगण्याच्या आज्यांची शाळा वेगळी, गांगजिनच्या आज्या सरकारी पटावर.

उत्तर ग्योंगसांग प्रांतातल्या चिलगोकमध्ये अशाच प्रौढ वर्गात शेकडो आज्या हंगुल शिकल्या. त्यातल्या आठ जणींनी 2023 मध्ये रॅप म्हणणारा गट काढला, सरासरी वय 85. त्याआधी, 2020 मध्ये, पाच जणींच्या हस्ताक्षरावरून संगणकाचे पाच फॉन्ट तयार केले गेले. त्यासाठी चार महिने प्रत्येकीनं दोन-दोन हजार कागद लिहून काढले. अक्षरं वाकडीतिकडी, कुठं मोठी, कुठं लहान. 2023 च्या नववर्षाचं राष्ट्राध्यक्षांचं शुभेच्छापत्र त्यातल्याच एका आजीच्या अक्षरात छापलं गेलं. फॉन्ट फुकट आहेत, कुणालाही उतरवून घेता येतात.